टोपी माझी, झोपाळा शकूताईंचा

आमचं मूळ भंडाऱ्याकडचं, पण माझा जन्म पुण्याचा, खडकीतला, वडील तिकडून कारखान्यात नोकरीला आले आणि राहिले ते राहिलेच. हे सगळ्यात आधी लिहून घ्या, कारण मला बघितल्यावर पुण्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, कोकणस्थ का? डोळे घारे, रंग गोरा, केस भुरे, त्याचा तरी काय दोष. मी म्हणते, नाही हो, आम्ही भंडाऱ्याचे. मग तो माझ्याकडे असा बघतो की जणू हे डोळे मी कुणाच्या तरी घरून न विचारता उचलून आणलेत. लहानपणी मी आईला विचारलं होतं, आई, माझेच डोळे असे का, तर आई म्हणाली, तुह्या पणजीचेबी असेच होते, मांजरीले विचारते का कोणी, तुलेच काहून विचारते? झालं, विषय संपला. आमच्या घरी विषय असेच संपायचे.

तर या डोळ्यांनी मला पोसलं, असं म्हटलं तरी चालेल. मी इंग्रज बाईची कामं करणारी नटी. मडम! कलेक्टरची मडम, मिशनमधली मडम, गव्हर्नरच्या बागेत छत्री धरून नुसती उभी राहणारी मडम, सगळ्या मीच. आणि मला इंग्रजी येत नाही. म्हणजे येतं आपलं, बोर्ड वाचण्यापुरतं. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले मी, इंग्रजीच्या बाई म्हणायच्या, हेमा, तू वाचू नकोस, नुसती उभी राहा, वर्गाला बरं वाटतं. आता गंमत बघा, पुढे सिनेमावाल्यांनीही मला हेच सांगितलं.

सुरुवात कॉलेजात झाली. एकांकिकेत एक मडम हवी होती, दिग्दर्शक मुलाने वर्गात नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी म्हटलं मला इंग्रजी येत नाही, तो म्हणाला मडम मराठीच बोलणार आहे, फक्त वाईट. वाईट मराठी! ते तर मला जन्मापासून येत होतं, असं पुण्यातल्या मुली म्हणायच्या, कारण घरी आम्ही मले-तुले बोलणार आणि वर्गात तेच तोंडातून निसटणार. म्हणून मी ठरवलं, बोलायचंच आहे वाईट तर टाळ्या घेऊन बोलू. टुमी लोक बहुट चांगला हाय, असं म्हणत मी आत आले आणि लोक हसले. पहिल्या हशाचं काय असतं सांगू तुम्हाला, ते पहिल्या वड्यासारखं असतं, जीभ भाजते आणि तरी दुसरा उचलावासा वाटतो.

तिथे प्रेक्षकांत अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे आमचे निर्माते, व्यावसायिक नाटकं काढायचे, सफारी घालायचे आणि कुणालाही चांगलं म्हणायचे नाहीत. ते मागे आले आणि म्हणाले, कोकणस्थ का? मी म्हटलं, आम्ही भंडाऱ्याचे. ते म्हणाले, असू दे, उद्यापासून तालमीला ये.

ते नाटक म्हणजे मडमेचा पाहुणचार. तुम्ही पाहिलेलं नसणार, वय नाही तुमचं. स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीचा, इंग्रजांच्या राणीचा काळ, कलेक्टरची बायको एका पुणेरी घरी जेवायला येणार म्हणून घरात जी धांदल उडते ती सगळी त्यात. आणि त्या घरावर राज्य कुणाचं, तर आत्याबाईचं. नऊवारी नेसून झोपाळ्यावर बसलेली, बसल्या जागेवरून सगळ्यांना सोलून काढणारी. आत्याबाईचं काम शकूताई करायच्या. अहो, काय बाई! झोपाळ्याला पायाने एक झोका द्यायच्या आणि तेवढ्यावर हशा. मी विंगेत उभी राहून रोज बघायची. माझ्या मनात तेव्हाच बसलं होतं की हे काम एकदा आपण करायचं. तेव्हा बोलले असते तर लोकांनी मला पाणी मारून शुद्धीवर आणलं असतं.

आता एक पद्धत तुम्हाला माहीत हवी. तिसरी घंटा व्हायच्या आधी धाकट्या नटांनी थोरांच्या पाया पडायचं. रोज. काल पडला होतात म्हणून आज चालत नाही. भांडण असलं तरी पडायचं, उलट तेव्हा जास्त वाकायचं. शकूताई खुर्चीत बसून पाय पुढे करायच्या आणि आशीर्वाद काय द्यायच्या, तर, आज तरी ऐकू जाऊ दे शेवटच्या रांगेला. मी त्यांच्या पायांवर एवढ्यांदा वाकलेय की चेहऱ्याआधी मला त्यांचे पायच आठवतात, उजव्या टाचेला भेग आणि जोडवी जरा सैल.

तर एकदा मी साताऱ्याहून लग्न आटोपून येत होते आणि खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला. स्वारगेटला उतरले तेव्हा नाटक सुरू झालेलं होतं. रिक्षातच केस वर बांधले, मागच्या दाराने आत, दोघींनी मिळून मला गाऊनमध्ये कोंबलं, डोक्यावर टोपी ठेवली, पिना लावायला सवड नाही, तोवर माझ्या प्रवेशाचं संगीत वाजायला लागलं, ते इंग्रजी बँडचं, टॅरँरँ टॅरँरँ. मी आत गेले. आत मडमेने काय करायचं, तर हात पुढे करायचा, आणि आत्याबाईने त्या हाताकडे बघून आपला हात पदराखाली लपवायचा. तिथे शकूताईंचा हमखास हशा. मी आत गेले, समोर झोपाळ्यावर शकूताई, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते हो, म्हणजे पाया पडायचं राहिलं होतं! डोकं काही विचार करायच्या आत कंबर वाकली. कलेक्टरची मडम, फुलाफुलांचा गाऊन, आणि पुणेरी बाईच्या पायावर डोकं! टोपी घरंगळत झोपाळ्याखाली गेली.

मी खाली, टाचेची भेग बघतेय आणि मनात म्हणतेय, संपली हेमा. आणि वरून आवाज आला, शांत, उठा बाई, तुमच्या राणीला कळलं तर साहेबाची बदली होईल.

काय सांगू तुम्हाला, छप्पर उडालं. लोक उभे राहून हसत होते, मागून कुणीतरी वन्स मोअर ओरडलं. पडदा पडल्यावर अण्णा आले, मला वाटलं काढतात, तर ते लेखकाला म्हणाले, हे ठेवा. त्या दिवसापासून रोज मडम वाकायची, रोज टोपी पडायची, रोज साहेबाची बदली व्हायची. शकूताई मला म्हणाल्या, माझा हातवाला हशा खाल्लास. मी म्हटलं, ताई, मोठा दिला ना बदल्यात? त्या म्हणाल्या, दिला, पण मागितला नव्हता. यानंतर आम्ही बरोबर चहा घेतला. पुण्यात याला प्रेम म्हणतात.

त्या वाकण्याने मला नाव दिलं आणि त्या वाकण्यानेच मला अडकवलं. महाराष्ट्रात कुठेही जा, अहो त्या वाकणाऱ्या मडम ना तुम्ही? सिनेमे आले. एकात मला सासवडजवळच्या किल्ल्यावर भर उन्हात चिलखतासारखा गाऊन घालून उभं केलं आणि नंतर थिएटरात जाऊन बघते तर चेहरा माझा, आवाज दुसऱ्याच कुठल्या बाईचा, तिला म्हणे इंग्रजी चांगलं येत होतं. दुसऱ्यात मी मेले, पण पाठमोरी. मग मालिका आल्या. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, स्वारगेट डेपोत कंडक्टर होते, ते संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मला म्हणायचे, पुढे सरका मडम, मागच्या लोकांना दिसत नाही. आई यायची कधी कधी प्रयोगाला. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, एवढा मोठा घागरा आन् गळ्याले कापड एवढुसंच काहून लावलं? पण शेवटी शेवटी ती एकच विचारायची, पोरी, तू तिथं आपल्यासारखी कधी बोलशील वं? मी म्हणायची, बोलीन आई. ती म्हणायची, हो म्हणायले का जाते.

ती गेली, बोलणं राहिलं. मला रडून काही सांगायचं नाही, पण तुम्ही विचार करा, इतकी वर्षं मी रंगमंचावर एकदाही नीट मराठीत रागावले नाही. एकदाही कुंकू लावून उभी राहिले नाही. घरी मी यांच्यावर रागवायची तर हे म्हणायचे, वा, उच्चार सुधारले.

आणि मग कोरेगाव पार्कने माझं पोट मारलं. म्हणजे झालं असं की तिथे खऱ्या गोऱ्या बायका भरपूर, ध्यानाला वगैरे आलेल्या, आणि मालिकावाल्यांच्या कुणीतरी डोक्यात घातलं की खरी मडम मिळत असताना खोटी कशाला. बरोबरच आहे. मला बोलावलं ते शिकवायला. गोड पोरगी होती, कुठल्याशा थंड देशातली, इंग्रजी तिलाही धड येत नव्हतं! मी तिला मडमेसारखं चालायला शिकवलं, टुमी शिकवलं. मालिका सुरू झाली आणि लोकांची तक्रार आली की ही बाई काही इंग्रज वाटत नाही, आधीची बरी होती. मी इतकी हसले की यांनी मला पाणी आणून दिलं. पण काम काही परत आलं नाही.

आता आजचं सांगते. अण्णा गेले, त्यांचा मुलगा निनाद आता नाटकं काढतो. त्याचा फोन आला, हेमाताई, पाहुणचार परत रंगमंचावर आणतोय. मी इथे माळ्याकडे बघायला लागले, गाऊन कुठल्या पेटीत आहे म्हणून. तो म्हणाला, मडमेसाठी रेवा म्हणून मुलगी आहे, आयटीत आहे, घारी आहे, तुम्ही तिला जरा शिकवा. मी म्हटलं शिकवते, आणि आत्याबाई? तर म्हणे मुंबईची एक बाई आहे, मालिकेतला चेहरा आहे, तिच्याशी तारखांचं बोलणं झालंय. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी करते की. तो हसला. मी पुन्हा म्हटलं, मी करते. मग त्याला कळलं की हे थट्टेत नाही. तो म्हणाला, ताई, राग मानू नका, पण तुम्ही नऊवारी नेसून उभ्या राहिलात तरी लोकांना आत गाऊन दिसेल. बापाचा मुलगा, वाक्य चांगलं होतं. मी म्हटलं, एक प्रयोग दे. तो म्हणाला, लोणी काळभोरला कॉलेजच्या पटांगणात एक ठरलाय, तो करा, पण लोकांनी तुम्हाला मडम म्हणून हसून घेतलं तर मुंबईच्या बाईंनी पुढच्या तारखा ठेवल्यात. ठीक. एक प्रयोग.

दुसऱ्याची भूमिका घ्यायची तर तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं, नारळ आणि खण घेऊन. शकूताई शनिवार पेठेत राहतात, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दारावर पाटी, बेल एकदाच वाजवावी, आम्ही ऐकतो. मी एकदाच वाजवली. नारळ पुढे केला, पाया पडले, तीच टाच, म्हटलं ताई, आत्याबाई मागायला आलेय. त्या म्हणाल्या, नारळ ठेव तिथे, नारळाला कोण नाही म्हणतं, भूमिकेचं बघू, चालून दाखव. मी हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. त्या म्हणाल्या, तू अजून टाचा उचलून चालतेस, पायात चप्पल नाही तरी मला बूट ऐकू येतोय. आत्याबाई जमिनीला सांगत चालते की ही माझी आहे. उद्या ये.

उद्या गेले, परवा गेले, रोज गेले. त्यांनी मला झोपाळ्यावर बसायला शिकवलं, म्हणजे डायनिंगच्या खुर्चीवर, झोपाळा त्यांच्या फ्लॅटमध्ये मावत नाही. संवाद मला सगळे पाठच होते, ऐकून ऐकून. पण त्या म्हणायच्या, तू माझी नक्कल करतेयस, मी अजून जिवंत आहे, नकलेची घाई नको. तू कशी रागावतेस ते दाखव. मला ते येईनाच. एकदा कंटाळून मी आईसारखी बोलले, काहून वं, तुले दिसत नाही का! शकूताई थांबल्या. म्हणाल्या, हा आवाज कुठे ठेवला होतास? शब्द लेखकाचेच ठेव, आवाज हा घे. असं आत्याबाईच्या तोंडात माझी आई येऊन बसली.

लोणी काळभोरचा प्रयोग. पटांगणात मंडप, पुढे बायका चटयांवर, मागे मुलं. शकूताईंना निनादने गाडीतून आणलं, त्या विंगेत खुर्ची टाकून बसल्या. निनाद त्यांच्या शेजारी उभा, हाताची घडी घालून. रेवा आली वेळेवर, मला म्हणाली, हेमाताई, आय ॲम सो नर्व्हस, आणि वाकली. मी म्हटलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाऊ दे. मी शकूताईंच्या पाया पडले. त्यांनी नुसते पाय पुढे केले.

पहिला अर्धा अंक बरा गेला. लोक हसत होते, पण मला अंदाज येईना की कुणाला हसतायत, आत्याबाईला की मला. हेच तर कळायला हवं होतं! आणि तेवढ्यात ते संगीत वाजलं. टॅरँरँ टॅरँरँ.

आता बघा. वर्षानुवर्षं हे संगीत वाजलं की मी काय केलंय? वाकलेय. रेवा आत आली, फुलाफुलांचा गाऊन, टोपी, शिकवल्याप्रमाणे माझ्यासमोर येऊन वाकायला लागली, आणि मी, आत्याबाई, घराची मालकीण, झोपाळ्यावरून उठले आणि तिच्या पायांकडे वाकले! ठाण्णकन डोक्यावर डोकं. त्यात झोपाळा मागे गेला होता तो परत आला आणि मला मागून असा बसला की विचारू नका. टोपी उडाली, पुढच्या कडेवरून खाली लोकांत. रेवा माझ्याकडे बघतेय, तोंड उघडं. विंगेत निनादने कपाळाला हात लावलेला मला दिसला. शकूताईंचं वाक्य म्हणायचं, तर ते बसेना, राणीला काय कळणार, आत्याबाईच मडमेच्या पाया पडतेय तर साहेबाची बदली कशी होईल?

मला वाटलं, गेली. मुंबईची बाई आली.

आणि मग मी कपाळ चोळत सरळ झाले, झोपाळ्याचा दांडा धरला, तो थांबवला, आणि त्या पोरीवर रागावले. मनापासून, आईच्या आवाजात. म्हटलं, अगं बाई, वाकायचं तर एकीनेच असतं. दोघी वाकलो तर आशीर्वाद द्यायचा कुणी?

हशा आला. मोठा आला. पण मी हशाकडे बघत नव्हते, कारण पुढच्या चटईवरची एक म्हातारी उठली होती, हातात ती टोपी. मला वाटलं आता ही टोपी माझ्याकडे देणार आणि म्हणणार, घ्या मडम. ती रंगमंचाच्या कडेशी आली, टोपी रेवाच्या हातात दिली, आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली, आत्याबाई, लई लागलं का ओ?

अहो, असं कुणी विचारलं नव्हतं मला आजवर. मी म्हटलं, लागलं गं, पण ठीक आहे. आणि झोपाळ्यावर बसले, पाय पुढे केले, रेवाला म्हटलं, हां, आता वाक.

प्रयोगानंतर निनाद आला, म्हणाला, ताई, मुंबईला फोन करून सांगतो, तारखा मोकळ्या केल्या म्हणून. मी शकूताईंकडे गेले. त्या पर्समध्ये चष्म्याची पेटी शोधत होत्या. म्हणाल्या, वाक्य चांगलं होतं. माझं नव्हतं, पण चांगलं होतं. मी म्हटलं, तुमचा हशा खाल्ला का ताई? त्या म्हणाल्या, मी आता रात्रीचं हलकंच खाते, घे तू.

तेव्हापासून आत्याबाई माझी. टक्कर मात्र नाटकात ठेवली नाही, निनाद ठेवा म्हणत होता, मी म्हटलं, बाबा, तेव्हाच्या आणि आताच्या हाडांत फरक असतो. वाक्य ठेवलंय. रेवा वाकते, मीही बसल्याबसल्या अर्धी वाकते, मग आम्ही दोघी थांबतो, मग वाक्य. हे आता प्रत्येक प्रयोगाला येतात, शेवटच्या रांगेत बसतात, आणि घरी आल्यावर सांगतात, ऐकू आलं. म्हातारी पुन्हा कुठे भेटली नाही, पण संगीत वाजलं की मी पहिल्या रांगेत तिला शोधते, आणि झोपाळा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवते. कंबर अजून ऐकत नाही हो. टॅरँरँ झालं की उठायला बघते.

निघालात? सगळं लिहून घेतलंत ना? मले-तुले तसंच ठेवा, सुधारू नका, आईला आवडेल. अहो, हे काय, वाकताय कशाला... थांबा, थांबा, मला आधी या खुर्चीवर नीट टेकू दे, नाहीतर मीही वाकेन आणि तुमचा चष्मा जाईल. हां. आता वाका. सुखी राहा, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोला.